हॉस्टेलमधल्या पोरांना जंत झालेत? नुसती गोळी वाटून भागत नाही

आश्रमशाळा असो, वसतिगृह असो की बालगृह, एका खोलीत एवढी पोरं झोपतात, एकमेकांचे टॉवेल वापरतात, एकाच नळावर हात धुतात (किंवा धुतच नाहीत), त्यामुळे एकाला जंत झाले की ते त्याच्यापुरते राहत नाहीत. म्हणून हे अधीक्षक, अधीक्षिका आणि मेसमधल्या मावशींसाठी लिहितेय, डॉक्टर लोकांना हे माहितीच आहे.

आधी गोळीचं बघू. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला, 1 ते 19 वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल. शाळेतल्या पोराला 400 मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, चावून खायची, अख्खी गिळायची नाही. उपाशी ठेवायची गरज नाही, जेवण झाल्यावर द्या. आणि हातात देऊन पुढे जाऊ नका, समोर उभं राहून चावायला लावा, कारण खिशात घालून खिडकीतून फेकणारी पोरं प्रत्येक शाळेत असतात. त्या दिवशी जो गैरहजर किंवा तापाने आजारी आहे त्याचं नाव वेगळं लिहा, त्याच्यासाठी आठवडाभराने मॉप-अप दिन, म्हणजे राहिलेल्यांना गोळी द्यायचा दिवस, असतो. एखाद्याला आधी कधी फिट आलेली असेल तर गोळी देण्याआधी पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना नक्की विचारा. गोळीनंतर थोडं मळमळणं, पोटात दुखणं होतं, पोटात जंत जास्त असले की हे जास्त होतं, पाणी द्या, आडवं करा, लक्ष ठेवा. मोठा जंत शीतून पडला तर पोरं घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता मुद्दा असा की गोळी पोटातले जंत मारते, अंगणातल्या मातीत आणि नखात बसलेली अंडी नाही. पोरगं त्याच जागेत राहिलं की परत होणारच, आपण वाटप झालं, फोटो गेला, रजिस्टर भरलं म्हणून निवांत!

गोल जंताची अंडी शीतून मातीत पडतात, तिथे दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि मग हाताने नाहीतर कच्च्या भाजीतून तोंडात. हुकवर्म (आकडी जंत) तर उघड्या पायातून आत शिरतो आणि आतड्यातून रक्त पितो, त्यामुळे जी पोरगी कायम दमलेली, डोळ्याची खालची पापणी ओढली की पांढरी दिसते, तिचं हिमोग्लोबिन बघा आणि तिच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना तेही बघा. संडासला पाणी नसलं की पोरं मागच्या बाजूला जातात, तेही अनवाणी, म्हणजे दोन्ही जंतांची सोय आपणच करून ठेवली. म्हणून संडासात सकाळी पाणी येतंय का आणि बाहेर जाताना चप्पल घातलीय का हे रोज बघायचं काम आहे.

रात्री ढुंगण खाजवणारी पोरं हा वेगळाच ताप. ते सुतासारखे बारीक पांढरे जंत, मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, पोरगं खाजवतं, अंडी नखात, नखातून तोंडात नाहीतर शेजारच्याच्या चादरीवर, आणि चादरीवर ती दोन-तीन आठवडे टिकतात. एकट्याला औषध देऊन काही होत नाही, डॉक्टरांना सांगून अख्ख्या खोलीला एकाच दिवशी द्या आणि दोन आठवड्यांनी परत. औषधाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची आंघोळ, चड्ड्या बदला, चादरी न झटकता गोळा करून गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका, नखं त्याच दिवशी कापा. तपासणी करायची झाली तर सकाळी आंघोळ आणि संडासच्या आधी पारदर्शक सेलोटेप खाजेच्या जागी लावून काचेवर चिकटवतात, पण ते सिस्टरनी, आडोशाला. चार पोरांसमोर बिलकुल नाही, नाहीतर त्या पोराला वर्षभर चिडवतात.

दात खातो म्हणजे जंत, गोड खाल्लं म्हणजे जंत, हे सोडून द्या.

आणि ज्याला वास मारणारे पातळ जुलाब, गॅस, वजन वाढत नाही, त्याला जंत नसून जिआर्डिया, म्हणजे डोळ्याला न दिसणारा आतड्यातला परजीवी, असू शकतो. तो वाटपातल्या त्या एका गोळीने जात नाही, शी तपासावी लागते. कोरड्या डबीत, लघवी न मिसळता, आणि एकदा काही सापडलं नाही तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा द्या. हा पाण्यातून येतो आणि टाकीत नेहमीसारखं क्लोरीन टाकलं तरी नेहमी मरत नाही, म्हणून साथ वाटली तर पाणी उकळूनच द्या.

साबणाचं एक सांगते. वडी ठेवली की संध्याकाळपर्यंत गायब, म्हणून जुन्या मोज्यात घालून नळाला घट्ट बांधा, तशीच ओल्या हाताला घासता येते. भिंतीवरचं सॅनिटायझर अंडी मारत नाही, ती धुऊनच जातात. मेसमध्ये कोथिंबीर, मुळा, काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, आणि स्वयंपाक करणाऱ्यांचीही शी तपासून घ्या, सगळे पोरांच्याच मागे लागतात.

पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि शी-गॅस काहीच नाही, तर जंतांचा गोळा अडकलेला असू शकतो, गोळी न देता 108 ला फोन करा. शीमध्ये रक्त असेल तर त्याच दिवशी पीएचसी.

दिवाळी, शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीवरून पोरं परत आली की पहिल्या आठवड्यातच नखं, चादरी आणि रात्रीची खाज बघून घ्या, ऑगस्टची वाट बघू नका. आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाला मागणी पाठवताना नेलकटर, चपला आणि जादा चादरी जूनच्या आधीच लिहा, नंतर लिहिलं की पावसाळा संपतो तरी सामान येत नाही.