दुबळे वादळ आणि कापणीला आलेले भात : ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी कृषी सल्ला

परतीचा पाऊस संपत येतो तेव्हा कोकणातील हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात घरात आलेले असते, मध्यम मुदतीचे निमगरवे कापणीला झालेले असते आणि उशिरा पिकणारे गरवे अजून शेतात उभे असते. नेमक्या याच दिवसांत अरबी समुद्रात वादळांचा वर्षातील दुसरा हंगाम सुरू होतो. त्यांतील काही वादळे भयंकर असतात, पण पुष्कळशी दुबळी असतात आणि किनारा न गाठताच विरून जातात. शेतकऱ्याची फसगत होते ती या दुबळ्या वादळांकडून, कारण हवामान खाते वादळाची श्रेणी ठरवते ती वाऱ्याच्या वेगावरून. त्यातून पाऊस किती पडेल हे त्या श्रेणीत सांगितलेले नसते. वारा कमी म्हणजे धोका कमी, हा हिशोब मच्छीमाराच्या होडीला काही अंशी लागू पडेल, कापून शेतात पसरलेल्या भाताला मुळीच लागू पडत नाही.

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर असले, हवेत पुरेशा उंचीपर्यंत ओलावा असला आणि खालचे व वरचे वारे एकमेकांशी फारसे भांडत नसले, की गडगडाटी ढगांचा विस्कळीत पुंजका एका जागी टिकू लागतो आणि त्याखालील हवेचा दाब उतरतो. हे झाले कमी दाबाचे क्षेत्र. त्यातील वारा ताशी ३१ किलोमीटरपर्यंत पोचलेला नसतो, आणि अशी अनेक क्षेत्रे येथेच विरतात. तरीही कामाला लागण्याची वेळ हीच आहे, कारण किनारा जवळ असेल तर पुढच्या अवस्थांत हातात एखादाच कोरडा दिवस उरतो. लोंबीतील ऐंशी ते नव्वद टक्के दाणे पिवळे झाले असतील तर भात कापावे, त्याच दिवशी झोडावे, आणि झोडणे शक्य नसेल तर उंचवट्यावर, खाली लाकडे व पेंढा घालून उडवी रचावी आणि ती ताडपत्रीने नीट बांधावी. मात्र बातमीच्या धास्तीने कच्चे भात कापू नये. हिरव्या दाण्याचा तांदूळ भरडताना मोडतो, आणि ते नुकसान वादळ आले नाही तरी पदरात पडते.

वारा ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेला की त्यास अवदाब, म्हणजेच बातम्यांतील डिप्रेशन, म्हणतात. ५० च्या पुढे तीव्र अवदाब होतो आणि ६२ च्या पुढे चक्रीवादळ होऊन त्यास नाव मिळते. येथे एक गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. दुबळ्या वादळाच्या डोक्यावरचे वारे जोराचे असतील तर ते ढगांचा डोंगर केंद्रापासून एका बाजूला ढकलून देतात, त्यामुळे नकाशावरील केंद्राच्या ठिपक्यावर ऊन आणि तेथून शेकडो किलोमीटरवर संततधार, असे घडू शकते. शिवाय वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत असेल, तर त्याच्या पूर्वेकडील दक्षिण-नैऋत्य वारे समुद्रावरची वाफ थेट सह्याद्रीवर आणून टाकतात. म्हणून ‘वादळ खोल समुद्रात आहे’ हे वाक्य ऐकून सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या शेतकऱ्याने कापणी पुढे ढकलू नये. आपल्या जिल्ह्याचा पावसाचा इशारा पाहावा. कृषी हवामान सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते आणि मेघदूत अॅपवर ती मराठीत वाचता येते.

फयान चक्रीवादळाची आठवण कोकणात अजून ताजी आहे. ९ नोव्हेंबर २००९ च्या सुमारास ते अवदाब होते, आणि ११ नोव्हेंबरच्या दुपारी त्याने अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडला. वारा ताशी सुमारे ८५ किलोमीटर, म्हणजे श्रेणीने साधे चक्रीवादळ. जमिनीवर येताच ते झपाट्याने क्षीणही झाले. पण अवदाबापासून किनाऱ्यापर्यंत मिळालेला वेळ जेमतेम दोन दिवसांचा होता.

वादळाचा शेवट तीन-चार प्रकारे होतो: जमीन लागते, पाणी थंड मिळते, वायव्येकडील कोरडी हवा आत शिरते, किंवा वरचे वारे त्याचा माथाच उडवून नेतात. हवामान खाते तेव्हा ‘कमी दाबाच्या क्षेत्रात रूपांतर’ असे कळवते आणि बातम्या थांबतात. माझ्या मते शेतीसाठी सर्वाधिक काळजीचे दिवस येथून पुढचे आहेत, कारण उरलेला ओलावा आणि मळभ दोन-चार दिवस रेंगाळते. आडवे पडलेले भात पाण्यात राहिले तर लोंबीतच कोंब फुटतो. बांध फोडून पाणी तातडीने काढावे, आणि लगेच उचलता येत नसेल तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ या प्रमाणात द्रावण लोंब्यांवर फवारावे, त्याने कोंब येणे लांबते. झोडलेला दाणा १४ टक्क्यांच्या खाली ओलावा येईपर्यंत वाळवल्याशिवाय कणगीत किंवा पोत्यात भरू नये.

आंब्याच्या बागेत हा पाऊस मोहोराऐवजी नवी पालवी आणतो, आणि त्या कोवळ्या पालवीवर ढगाळ हवेत तुडतुडे व करपा दोन्ही येतात. पालवी दिसताच झाडे जवळून पाहावीत आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार फवारणी करावी. पाऊस तोंडावर असताना फवारलेले औषध वाहून जाते, म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबावे. नाशिककडील द्राक्षबागायतदारांना हेच मळभ अधिक महागात पडते, कारण गोडी छाटणीनंतरची, म्हणजे फळांसाठी केलेल्या छाटणीनंतरची, बाग तेव्हा फुलोऱ्याच्या आसपास असते आणि डाऊनी (केवडा नावाचा बुरशीजन्य रोग) व घडकूज एका ओल्या रात्रीतही जोर धरू शकते. पाऊस थांबताच वेली हलवून घडांतील पाणी झटकावे, दाट फुटी विरळ करून हवा खेळती ठेवावी, आणि कांद्याची रोपवाटिका असेल तर तिच्या वाफ्यांतील पाणीही त्याच दिवशी काढून द्यावे.