स्मृती गेलेल्या संगीतकाराबरोबर वाजवायला बसताना

क्लाइव्ह वेअरिंग हे लंडनमधले गायक, कॉयरचे (समूहगायन करणाऱ्या वृंदाचे) संचालक आणि लासूस या सोळाव्या शतकातल्या संगीतकाराच्या रचनांचे अभ्यासक. मार्च 1985 मध्ये हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूमुळे त्यांच्या मेंदूला सूज आली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या भागाची मोठी हानी झाली. नवी आठवण काही सेकंदांपलीकडे टिकेना. जुन्यांतल्याही बहुतेक गेल्या. पण स्वरलिपी समोर ठेवली की ते पियानो वाजवत, गात, कॉयरही चालवत.

याचं कारण असं, की घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवायला हिप्पोकॅम्पस लागतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात बसलेलं कौशल्य मात्र मेंदूच्या इतर भागांच्या आधाराने टिकतं. म्हणून अशा संगीतकाराला संगीताबद्दल काही विचारू नका, थेट वाजवायला घ्या. "ही रचना कोणाची, आठवतंय का?" या एका प्रश्नाने सगळी बैठक बिघडते. उत्तर सापडत नाही, माणूस घाबरतो, आणि घाबरलेला हात वाद्याकडे जात नाही.

बैठकीआधी

दिवसातली त्यांची ताजीतवानी वेळ निवडा. टीव्ही बंद, खोलीत तिसरा माणूस शक्यतो नको. सुरुवातीला 20 ते 25 मिनिटं पुरे.

स्वरलिपी त्यांच्या स्वतःच्या जुन्या प्रतीवरून काढा, कारण बोटांचे आकडे आणि श्वासाच्या खुणा त्यांच्या हाताला ओळखीच्या असतात. कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि तीन पानं शेजारी शेजारी लावा. पुनरावृत्तीची खूण असेल तिथे तो भाग पुन्हा पूर्ण लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. खुणेपाशी आल्यावर "हे एकदा वाजवून झालं का?" हे ठरवायला नेमकी तीच स्मृती लागते जी उरलेली नाही, आणि तोच भाग पुन्हा पुन्हा वाजत राहू शकतो. पान उलटायचंच असेल तर दोन बार (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला एकेक खंड) आधी तुम्ही उलटा.

सुरुवात

समोरून या, आपली ओळख स्वतः द्या. "बाबा, मी तुमची मुलगी. वाजवूया?" एवढं बास. शेजारी बसा आणि पहिले दोन बार तुम्हीच वाजवा. ते स्वरलिपीशिवाय, ऐकून वाजवणारे असतील तर आधारस्वर धरा, पहिली ओळ गा आणि शेवटचे दोन-तीन स्वर मोकळे सोडा. बहुतेक वेळा ओळ तेच पुरी करतात.

त्यांना सोपं जावं म्हणून लय कमी करू नका. हातात बसलेल्या हालचाली सलग तुकड्यांनी येतात. फार संथ केलं की प्रत्येक स्वराचा विचार करावा लागतो आणि हात अडतो. चूक झाली तर थांबवू नका. मधेच थांबलं तर अडलेल्या जागेवरून नाही, त्या वाक्याच्या सुरुवातीपासून धरा.

शेवट

सगळ्यात नाजूक क्षण शेवटच्या स्वरानंतरचा. संगीत चालू असतं तोवर एक बार पुढच्या बारकडे नेतो. ते थांबलं की आधार सुटतो. "मी कुठे आहे?" तिथेच येतं. पुढची रचना आधीच स्टँडवर तयार ठेवा. बैठक संपवायची असेल तर शेवटची रचना शांत निवडा आणि लगेच, हळू आवाजात सांगा की आपण आत्ताच वाजवलं, छान झालं, आता चहा घेऊया. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी उत्तर आणि सूर तोच ठेवा. "मघाशीच सांगितलं ना" म्हणू नका. त्यांच्यासाठी मघाशी असं काही नाही.

वहीत नोंद तुम्ही ठेवा: तारीख, रचना, लय, अडलेली जागा. वेअरिंग यांच्या डायऱ्या "आत्ता खरा जागा झालो" अशा नोंदींनी भरल्या होत्या, आधीची प्रत्येक नोंद खोडलेली. असं लिखाण पुरावा म्हणून पुढे करून वाद घालू नका.

त्यांचं काम जपताना

आधी टेपा घ्या, कारण चांगला कागद टेपांपेक्षा जास्त टिकतो. कॅसेटच्या मागच्या दोन्ही टोकांवरचे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्डिंग होणार नाही. टेप किंचाळत असेल किंवा टेपरेकॉर्डरच्या हेडवर तपकिरी चिकटा सोडत असेल तर लगेच थांबा आणि जाणकाराकडे द्या. तशीच चालवली तर चुंबकीय थर निघून येतो. मूळ फाइल 96 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह (WAV) प्रकारात ठेवा. स्टिरिओला तासाला साधारण 2 जीबी लागतात. खरखर काढायची ती वेगळ्या प्रतीत. एकूण तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

हस्तलिखितं 400 डीपीआयला रंगीत स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात लाल आणि निळ्या पेन्सिलीतला फरक जातो, आणि तालमीतले बदल बहुधा त्याच फरकात असतात. गठ्ठ्याचा मूळ क्रम बदलू नका.

नाव नसलेली टेप सापडली तर ती त्यांच्याजवळ लावा आणि हाताकडे बघा. बोटं सुरू झाली, ओठ हलले, तर तेही रेकॉर्ड करा. रचनेचं नाव ते सांगू शकणार नाहीत, पण लय आणि श्वासाची जागा दाखवून जातील. प्रकाशनाची परवानगी कायदेशीर पालकाकडून लेखी घ्या. तरीही प्रत्येक वेळी त्यांचा कल पाहा; माइक दूर सारला तर त्या दिवशी रेकॉर्डिंग बंद. गोंधळलेले, रडणारे क्षण बाहेर देऊ नका, वाजवलेलं द्या.