युगांडात हापसा बसवायचा असेल तर

मंडळाने वर्गणी काढली, बऱ्यापैकी पैसे जमले, आता आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात बोअर मारून द्यायची आहे, तुम्ही तिकडेच असता तर सांगा कसं करायचं, असे फोन मला अधूनमधून येतात. मी मूळची जालन्याची, काम भूजलाचं, आणि उत्तर आणि पूर्व युगांडात लांगो-तेसो भागात बरीच वर्षं काढली आहेत. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

पहिलं म्हणजे लगेच बोअर मारू नका. आधी गावात आणि शेजारच्या वस्त्यांवर बंद पडलेले हापसे किती आहेत ते बघा. गावाच्या एलसी-वन चेअरमनला (गावपातळीच्या स्थानिक परिषदेचा प्रमुख) विचारलंत तर तो स्वतः हिंडून दाखवेल. कितीतरी ठिकाणी बोअरला पाणी असतं, पण पाइप सडलेले किंवा पाणी वर उचलणारा खालचा सिलिंडर गेलेला असतो. बोअर साफ करून नवे पाइप टाकले की काम होतं, आणि खर्च नव्या बोअरच्या मानाने फारच कमी येतो. फीत कापायला मिळत नाही, एवढीच काय ती अडचण.

नवीच घ्यायची ठरली तर जागा बायकांना विचारून ठरवा, पुरुषांच्या सभेत नाही. पिवळा वीस लिटरचा कॅन डोक्यावर घेऊन चालायचं त्यांना आहे. त्या दोन-तीन जागा सांगतील, त्यातली कुठली चालेल ते भूजलवाल्याने यंत्र लावून बघायचं. तिथली जमीन आपल्या दख्खनी बेसॉल्टची नाही. बहुतेक जुना ग्रॅनाइट आणि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक), भंडारा-गडचिरोलीकडे आहे तसला. पाणी मिळतं ते वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या खडकाच्या भेगांत. पाणाड्या तिकडेही भेटतो. त्याचा मान ठेवा, पण ठेकेदाराला जागा दाखवायचं काम त्याला देऊ नका. संडासाचे खड्डे किमान तीस मीटर लांब हवेत, आणि चढाच्या बाजूला तर नकोतच. जमीनमालकाचं संमतीपत्र चेअरमनच्या शिक्क्यासह आधी घ्या. नाहीतर पाणी लागल्यावर मालक कुंपण घालतो.

ठेकेदाराशी ‘पाणी लागलं तरच पैसे’ असा करार करायचा मोह सगळ्यांना होतो. वरून तो शहाणपणाचा दिसतो. पण मग ठेकेदार दलदलीच्या कडेला सोपी जागा शोधतो आणि थोडं ओलं लागलं की मशीन थांबवतो. त्यापेक्षा मीटरप्रमाणे पैसे द्या, कोरड्या बोअरचा खर्च बजेटमध्ये धरा, आणि मशीन चालू असताना तुमचा स्वतःचा माणूस तिथे उभा ठेवा. केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, किती मीटर उतरलं, जाळीचा पाइप कुठे बसला, वरचे काही मीटर सिमेंटने सील केले का, हे नंतर कुणालाच दिसत नाही. वरून झिरपणारी घाण अडते ती या सिमेंटने.

शक्य असेल तर काम उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. पाणी तेव्हा सगळ्यांत खाली असतं. बोअर झाल्यावर किमान तीन तास पंपिंग करून पाणी किती उतरतं आणि परत किती वेळात वर येतं ते मोजून घ्या. हापशाला तासाला पाचशे लिटर पुरतात, पण ते मार्चमध्येही मिळायला हवेत.

आता हापशाबद्दल, कारण घोडं अडतं ते इथेच. युगांडात ज्याला यू-टू म्हणतात तो आपलाच इंडिया मार्क टू. जालना आणि सोलापूर भागात मिशनवाल्यांनी आणि मेकॅनिकांनी जे पंप तयार केले, त्यातल्या सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने हा घडवला. दांड्याच्या टोकाला पाव वर्तुळाची कमान, त्यावरून चेन, चेनला रॉड. आपल्याकडे लहानपणापासून हापसलेला, म्हणून आपल्याला तो ओळखीचा वाटतो. पण तिकडचं पाणी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी आहे. सामू (पीएच) साडेसहाच्या खाली असला की जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून सडतात. सकाळचा पहिला कॅन तांबडा येतो, चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग राहतात. चव बिघडली की बायका परत ओढ्यावर जातात, आणि हापसा चालू असूनही गाव घाण पाणी पितं.

लोह जमिनीतलं की पाइपातलं, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. सकाळी पहिला नमुना बाटलीत भरा, तासभर हापसा, मग दुसरा भरा. दुसरा स्वच्छ आला तर दोष पाइपांचा. दोन्ही सारखेच तांबडे असतील तर लोह खालूनच येतंय. २०१६ मध्ये युगांडाच्या पाणी मंत्रालयाने हापशाला जीआय पाइप वापरणं थांबवायला सांगितलं, म्हणून कोटेशनमध्ये जीआय दिसलं तर सरळ नाही म्हणा. स्टेनलेस स्टीलचे पाइप आणि रॉड घ्या. माल आल्यावर खिशातलं लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर परत पाठवा. न चिकटलं म्हणजे माल चांगला, असंही नाही. हलकं दोनशे मालिकेचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ग्रेडचा दाखला आणि पाइपावरचा शिक्का दोन्ही तपासा.

ओट्याचं काँक्रीट ओतल्यावर आठवडाभर पाणी मारा आणि तोवर हापसा कुणाला हलवू देऊ नका. हे गावाला पटवणं जड जातं. सांडपाण्याला पाच-सहा मीटर तरी नाली, पुढे शोषखड्डा किंवा केळी. गुरांसाठी कुंपण.

पाणी प्यायला सुरू करण्याआधी बोअरमध्ये क्लोरीन सोडा. पाच इंची केसिंगमध्ये मीटरला साधारण साडेबारा लिटर पाणी मावतं. चाळीस मीटर पाण्याचा स्तंभ असेल तर पाचशे लिटर, त्याला सत्तर टक्के क्लोरीन असलेली पावडर सुमारे चाळीस ग्रॅम. रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत हापसा. मग नमुना प्रयोगशाळेत पाठवा: शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य, फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आत, नायट्रेट पन्नासच्या आत, आर्सेनिकसुद्धा बघा. फ्लोराइड जास्त निघालं तर हापसा बसवू नका, कितीही वाईट वाटलं तरी.

समिती कागदावर करायची असेल तर एका दुपारात होते. चालणारी समिती म्हणजे दर महिन्याला घरटी ठरलेली रक्कम, हिशोबाची वही एका बाईकडे, आणि जवळच्या हापसा-मेकॅनिकशी ठरलेला दर. चेन, बेअरिंग, रबरी वॉशर जवळच्या कुठल्या दुकानात मिळतात ते आधी बघून या. तीनशे माणसांवर एक हापसा हे तिथलं प्रमाण. माणशी वीस लिटर धरले तर सहा हजार लिटर, म्हणजे कॅन बदलण्याचा वेळ धरून दिवसभर दांडा चालूच. बेअरिंग किती दिवस टिकेल याचा अंदाज त्यावरून बांधा.

दर सहा महिन्यांनी समितीतल्या कुणाला तरी दोन गोष्टी करून फोनवर कळवायला सांगा. हापशाच्या पूर्ण दांड्याला साधारण ०.४ लिटर पाणी पडतं, म्हणजे वीस लिटरच्या कॅनला पन्नास दांडे. सत्तर-ऐंशी लागायला लागले की वॉशर झिजले. दुसरी, अर्धा तास हापसा बंद ठेवून मग हापसायचं. पाचव्या दांड्यापर्यंत पाणी आलं नाही तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइप गळतोय. देणगीदारांच्या नावांची पाटी लावायचीच असेल तर लावा, पण तिच्यावर मेकॅनिकचा नंबर मोठ्या अक्षरांत घाला.