बधिरांध प्रौढांचे साहाय्यक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

बधिरांध प्रौढांचा साहाय्यक म्हणून काम सुरू केले तेव्हा खुणांची भाषा आणि हाताला धरून नीट चालवता येणे एवढे पुरेल, अशी माझी समजूत होती. सुरुवातीच्याच एका बैठकीत मी एका ज्येष्ठ गृहस्थांना इतरांचे बोलणे तळहातावर अक्षरे लिहून सांगत होतो. मात्र त्यांचे स्वतःचे निवेदन चालू असताना तिघे जण उठून गेले, हे सांगण्याचे मी टाळले, कारण ते कळल्यास त्यांना वाईट वाटेल असे मी परस्पर ठरवले. पुढे ते दुसऱ्याकडून समजल्यावर ते मला म्हणाले, "लोक निघाले आहेत हे कळले असते, तर मी बोलणे आवरते घेतले असते." त्यांच्या हातातला निर्णय मी काढून घेतला होता, याची मला आजही खंत वाटते. कोण आले, कोण हसले, कोण कंटाळले हे सांगणे आपले काम आहे. त्यावर काय करायचे, हे त्या व्यक्तीने ठरवायचे असते.

संवादाची रीत प्रत्येकाची वेगळी असते आणि ती पहिल्याच भेटीत विचारून घ्यावी. अशर सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असलेल्या अनेकांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि पुढे दृष्टिपटलाच्या विकाराने आधी अंधारात दिसेनासे होते, मग नजरेचा परीघ आक्रसत जातो. अशा व्यक्तीसमोर भरपूर उजेडात, थोड्या अंतरावर उभे राहून, छातीजवळच्या लहानशा जागेत खुणा कराव्या लागतात. नजर आणखी मंदावली की तीच भाषा हातांवर हात ठेवून वाचली जाते. उतारवयात दोन्ही इंद्रिये क्षीण झालेल्यांना मात्र खुणा बहुधा येत नाहीत. त्यांना तळहातावरची ठसठशीत अक्षरे सोयीची पडतात. जर्मन भाषकांमध्ये 1881 मध्ये हिएरोनिमस लॉर्म यांनी तयार केलेली, हातावरच्या ठरावीक जागी बिंदू आणि रेघा देण्याची लिपी रूढ आहे.

काही दाखवायचे असल्यास त्या व्यक्तीचा हात पकडून ओढू नये. आपला हात तिच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे हवा तेव्हा तिला तो काढून घेता येतो. जवळ जाताच स्पर्शाने आपली ओळख द्यावी आणि दूर होताना तसे सांगून तिचा हात भिंतीला किंवा खुर्चीला टेकवावा, कारण न सांगता निघून गेल्यास ती रिकाम्या जागेशी बोलत राहते. पाठीवर फुलीची मोठी खूण काढली की संकट आहे, ताबडतोब बाहेर पडायचे आहे, असा अर्थ अनेक ठिकाणी घेतला जातो. ही खूण आधीच ठरवून ठेवावी. नखे कापलेली असावीत, अंगठ्या काढून ठेवाव्यात. स्पर्शाने वाचणे फार थकवणारे असते, त्यामुळे लांबलचक बैठकीत विश्रांतीच्या वेळा आयोजकांकडून आधीच मागून घ्याव्यात आणि दुसऱ्या साहाय्यकाची सोयही करून ठेवावी.