पियानो शिकायला बसताना: पहिल्या तीन महिन्यांत काय काय होतं

पियानोच्या क्लासला गेलो तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि डोक्यात थोडी हवाही होती. शाळेत असल्यापासून पेटी वाजवत होतो. भजनांना, गणपतीतल्या आरत्यांना साथ केली होती. पट्ट्या त्याच काळ्या-पांढऱ्या, मग अवघड ते काय? पहिल्या पंधरा मिनिटांत मॅडमनी माझा डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता हाही काम करणार." आयुष्यभर भाता मारलेला हात तो. त्यालाही पाच बोटं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही स्वतःसाठी क्लास लावणार असाल किंवा मुलांना घालणार असाल, तर पुढे काय वाढून ठेवलंय ते क्रमाने सांगतो.

१. वाद्याची घाई नको

बहुतेक जण करतात तेच मीही केलं. क्लास सुरू व्हायच्या आधीच ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड घेऊन आलो. सहा महिन्यांत तो भाच्याकडे गेला. पियानोची पट्टी दाबली की आत फेल्ट लावलेली हातोडी तारेवर आपटते. बोट हळू उतरलं तर आवाज मऊ, वेगाने उतरलं तर मोठा. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने ही करामत केली, आणि वाद्याचं नावही त्यावरूनच पडलं: इटालियनमध्ये 'पियानो' म्हणजे हळू, 'फोर्ते' म्हणजे जोरात. पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भात्यात असतो, पियानोत तो बोटात असतो. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांवर बोटाला ही सवय लागतच नाही.

म्हणून पहिले चार-सहा तास क्लासमधल्या वाद्यावर काढा, मग शिक्षकांना विचारून ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. दुकानात 'वेटेड कीज' म्हणून विचारायचं. खरा, तारांचा पियानो सुंदरच, पण दोनशे किलोच्या वरचं ते धूड जिन्यातून चढवायचं, वर्षातून निदान दोनदा ट्यूनरला बोलवायचं आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड दमट होऊन सूर सरकताना ऐकायचे, ही तयारी पहिल्या वर्षी कशाला?

एक बारीकशी गोष्ट: वाद्य जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. टेबलच ७५ सेंटिमीटर उंच, त्यावर वाद्याची जाडी. खांदे कानाला लागतात आणि तासाभरात मान आखडते. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत आलं पाहिजे.

२. पहिला तास

गाणं वाजवायला मिळेल अशी आशा ठेवू नका. आधी नखं बघतात. वाढलेली असली की पट्टीवर टकटक होते आणि बोट आपोआप आडवं पडतं. मग बसणं: अर्ध्याच बाकावर, पाय जमिनीला टेकलेले. लहान मुलाचे पाय लोंबत असतील तर खाली पाट द्या. मग बोटांचे नंबर. दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५.

त्यानंतर 'मिडल सी' म्हणजे मधला सी शोधायचा; सी हे एका सुराचं इंग्रजी अक्षरातलं नाव. काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत असतात. दोनच्या गटाला लागून डावीकडची पांढरी ती प्रत्येक वेळी सी. ८८ पट्ट्यांत मधला सी ही डावीकडून चाळिसावी पट्टी. पेटीवाल्यांना हे सोपं जातं, कारण आपली पांढरी एक म्हणजेच सी आणि काळी एक म्हणजे सी शार्प. गोंधळ पुढे होतो. आपला सा गायकाच्या गळ्याप्रमाणे काळी एकवर बसतो, नाहीतर काळी चारवर. सी कोणासाठीही जागचा हलत नाही.

३. वाचन

सूर कागदावर टिंबांनी लिहिलेले असतात, पाच-पाच रेघांच्या दोन गटांत: वरचा बहुधा उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा. मी दुसऱ्याच आठवड्यात प्रत्येक टिंबाखाली पेन्सिलीने सा-रे-ग लिहून टाकलं. मॅडमनी काही न बोलता खोडरबर पुढे केलं. डोळा एकदा अक्षराला सरावला की टिंबाकडे बघतच नाही, आणि मग तिसरं पानही तुम्ही लिहूनच वाजवता. ज्यांचा कान तयार आहे त्यांना आणखी एक मोह असतो: दोनदा ऐकून पाठ करायचं आणि वाचल्याचा आव आणायचा. शिक्षकाला हे पटकन कळतं.

४. दोन हातांचं भांडण

खरा मुक्काम इथे आहे, आणि सोडून जाणारे बहुतेक इथेच सोडतात. बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली ती प्रसिद्ध धून बहुतेकांना सुरुवातीलाच देतात, कारण एक खालचा पंचम सोडला तर ती पाच बोटांत मावते. सी ला सा धरा: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. उजव्या हाताने ही ओळ दहा मिनिटांत बसते. मग डाव्या हाताला सांगतात, तू फक्त एक सूर दाब आणि चार मात्रा धरून ठेव.

बस्स, एवढंच. पण डावा थांबला की उजवाही थांबतो. उजवा चालला की डावा दर मात्रेला पट्टी दाबायला लागतो. मी तर श्वाससुद्धा धरून बसायचो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच एक आहे. आधी उजवा एकटा, मग डावा एकटा, दोन्ही न बघता येईपर्यंत. मग दोन्ही मिळून फक्त दोन बार, म्हणजे चार-चार मात्रांचे दोन तुकडे. मेट्रोनोम (ठेक्याची टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, तेही धावतं वाटलं तर ५० वर. आणि मोठ्याने मोजायचं: एक, दोन, तीन, चार. लाज वाटते, पण तोंड मोजत असलं की हात एकमेकांची नक्कल कमी करतात. टाळ वाजवत अभंग म्हणणाऱ्या माणसाला हे आमच्यापेक्षा लवकर जमतं असं माझं निरीक्षण आहे.

महिन्या-दीड महिन्याने सी मेजर स्केल येते, म्हणजे आपला बिलावल थाट. उजव्या हाताने चढताना तीन बोटं झाली की अंगठा खालून घालून म वर आणायचा. डाव्या हाताने करंगळीपासून अंगठ्यापर्यंत प गाठायचा आणि मधलं बोट वरून ध वर टाकायचं. म्हणजे एक हात म वर वळतो, दुसरा ध वर. दोन्ही एकत्र वाजवायची घाई करू नका. पहिल्या तीन महिन्यांत ते जमलं नाही तरी काही अडत नाही.

उजव्या पेडललाही एवढ्यात पाय लावू नका. ते दाबलं की तारांवरचे डँपर, म्हणजे आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे, उचलले जातात, सूर एकमेकांत मिसळतात, आणि आपण फार छान वाजवतोय असा भास होतो.

५. घरचा रियाज

रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं. लहान मुलांना दहाही पुरतात. वाद्य उघडं आणि हाताशी ठेवा. कपाटावरून काढावं लागलं की तिसऱ्या दिवशी सुट्टी पडते. हेडफोन लावून रात्री अकराला वाजवता येतं खरं, पण पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर पोचते. आमच्या खालच्या काकूंनी "रात्री काय कुटता हो?" असं विचारल्यावर मी स्टँडखाली जाड रबरी मॅट घातली.

आणि पाहुणे आले की मुलाला "जरा वाजवून दाखव रे" म्हणू नका. निदान वर्षभर तरी.

६. परीक्षा

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम, दोन्ही संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या संस्था. 'इनिशियल' आणि मग ग्रेड १ ते ८. मुलांना ध्येय मिळतं म्हणून परीक्षा बरी, पण वर्षभर परीक्षेच्या त्याच तीन रचना घासून घेणारा क्लास असेल तर मी दुसरा बघेन. ग्रेड ३ झालेल्या मुलाला नवं सोपं पान समोर ठेवून वाजवता आलं पाहिजे. मोठ्यांनी परीक्षा दिली नाही तरी चालतं. मी दिलेली नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ती सोळा बारची धून मी दोन्ही हातांनी, दोनदा अडखळून, शेवटपर्यंत वाजवली. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दोन्ही हात वरच? मग भाता कोण मारतंय?"