सिंहस्थाआधी डोमेनचे कागद बघून घ्या

२०२७ च्या सिंहस्थाच्या बुकिंगसाठी वेबसाइट करून मागणाऱ्या पंचवटीतल्या लॉजवाल्यांना मी आधी एकच विचारतो, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? उत्तर ठरलेलं, 'ते आमचा वेबसाइटवाला बघतो.' तर कामाला तिथूनच लागा. त्याला डोमेनचं पॅनेल, म्हणजे नोंदीचं खातं, उघडायला लावा आणि रजिस्ट्रंटच्या (मालकाच्या) रकान्यात तुमच्या फर्मचं नाव, तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल आहे का ते स्वतः वाचा. बाहेरून लुकअप करून, म्हणजे इंटरनेटवर डोमेनची नोंद शोधून, कळत नाही, २०१८ पासून मालकाचे तपशील बहुधा झाकलेलेच असतात. स्टेटस मात्र दिसतं. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असेल तर डोमेन दुसरीकडे हलवायला कुलूप लागलेलं आहे.

पण त्या कुलपावर फार विसंबू नका. डॉट कॉमचा रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी, बदलायचा तर ऑथ कोड (त्या डोमेनचा गुप्त कोड) लागतो, जुना रजिस्ट्रार मालकाला मेल धाडतो आणि ५ दिवसांत नकार आला नाही तर मौन म्हणजे संमती. एकाच रजिस्ट्रारच्या हाताखालचा रिसेलर, म्हणजे त्याच्या वतीने डोमेन विकणारा, बदलणं मात्र आयकॅनच्या (डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) लेखी ट्रान्सफरच नाही. ते ५ दिवस मिळत नाहीत, कोडही लागेलच असं नाही. मालकाच्या ईमेलवरून आलेल्या विनंतीवर काम होऊन जाऊ शकतं. म्हणून मूळ रजिस्ट्रारलाच लेखी विचारा, रिसेलर बदलताना संमती कुणाची आणि कशी घेता?

मालकाचा तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. आमच्या एका द्राक्षवाल्या गिऱ्हाइकाचा तसा होता. ऐन फेब्रुवारीत, कंटेनर भरणं चालू असताना, कुणीतरी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठे जायची ते ठरवणारी नोंद, बदलले. त्यानंतरची प्रत्येक सूचना चोराच्याच पेटीत पडत होती. ओटीपीचं सिम नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटकडे नाही ना, तेही बघा.

डोमेनची बिलं तुमच्या फर्मच्या नावाने घ्या, जीएसटी सर्टिफिकेटसोबत फाइलला लावा. मुदत चार-पाच वर्षांची भरून टाका, मग रिन्यूअलची खोटी पत्रं आली तरी फसायला होत नाही.

डोमेन तुमच्या नकळत दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेलंच, तर तातडीच्या संपर्कावर ४ तासांत उत्तर द्यायचं बंधन त्या रजिस्ट्रारवर असतं. तो संपर्क आपल्याला वापरता येत नाही, आपल्या रजिस्ट्रारनेच पलीकडच्याला गाठायचं असतं. तेव्हा आपल्या रजिस्ट्रारचा सपोर्ट नंबर आजच काउंटरमागे, गॅसवाल्याच्या नंबरखाली लिहून ठेवा.