आजारी माणूस घरी ठेवून वेचणीला जाताना

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले माणूस घरी असले की दिवसभराच्या रोजाने जाता येत नाही आणि दुपारी घरी परतल्यास अर्धा रोज बुडतो. अशा वेळी गावालगतच्या वावरात कापूस वेचणीचे काम किलोच्या भावाने घ्यावे. मजुरी वजनावर ठरत असल्याने मध्ये घरी जाऊन येण्याने वेचलेल्या कापसाचे पैसे कमी होत नाहीत.

१. दव सुकेपर्यंत कापूस न वेचणे तसेही चांगले, म्हणून त्या वेळेत अंग पुसणे, जेवण आणि औषध उरकावे.

२. दुपारी घरी निघण्यापूर्वी गाठोड्याचे वजन करून ते वहीत लिहून घ्यावे, कारण संध्याकाळी वजनावरून वाद होऊ शकतो.

मात्र रुग्णाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते, त्यामुळे तेवढ्यापुरते शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवावे.